रुमाल फवारणी

त्या डिसेंबरात कवठाळीच्या शिवारात तीनशे एकर सूर्यफूल उभं होतं. त्यातलं शंभर एकर उमलायला लागलं होतं आणि त्याच्यावर माशी नव्हती. मी आण्णाच्या बांधावर उभी राहून अर्धा तास मोजत होते. शंभर फुलांमागे वीस-पंचवीस मधमाश्या तरी दिसायला हव्यात. मला दिसल्या दोन, आणि त्यातली एक घरमाशी निघाली.

"वारं गार हाय, म्हणून नसतील आल्या," आण्णा म्हणाला.

"आण्णा, दहा वाजलेत. पाठ भाजायलीय माझी."

"मग दुपारी येतील की."

दुपारी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, हणमंत कोनाळे. वडील गेल्यावर मला शिकवलं त्यानं, लग्न लावून दिलं त्यानं, आणि लग्न मोडल्यावर बैलगाडीच्या जमान्यातल्यासारखं गावभर तोंड लपवत न फिरता मला लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रात नोकरीला चिकटवलं तेही त्यानंच. मी शास्त्रज्ञ नाही, तंत्र सहायक आहे. पण जी भानगड झाली होती तिची सुरुवात माझ्या हातून आणि त्याच्या शेतात झाली होती. त्यामुळे हात झटकायची सोय आम्हा दोघांनाही नव्हती.

आधी सूर्यफुलाचं सांगते. आपण ज्याला फूल म्हणतो ती हजार-बाराशे बारक्या फुलांची ताटली असते. एकेका बारक्या फुलाचा एकेक दाणा व्हायचा असतो. ही फुलं काठाकडून मध्याकडे, रोज दोन-तीन वेढे, अशी आठ-दहा दिवसांत उमलतात. गोची अशी, की प्रत्येकाचे परागकण आधी सुटतात आणि ते स्वीकारणारा भाग दुसऱ्या दिवशी तयार होतो. म्हणजे घरचं घरी भागत नाही, शेजारच्या झाडाचे परागकण कुणीतरी आणून द्यावे लागतात. जात चांगली घ्या, कळी धरताना आणि दाणा भरताना पाणी द्या, बोरॉन फवारा, सगळं वेळच्या वेळी करा. माशी आली नाही तर टरफलं तयार होतात आणि आत काही नसतं. वरून ताटली तशीच दिसते. दाणा चिमटीत दाबला की कळतं.

माश्या कमी होत चालल्या होत्या म्हणून आमच्या केंद्रानं 'साद' काढली. उमललेलं सूर्यफूल ज्या वासानं माशीला बोलावतं, त्या वासातली सात द्रव्यं आम्ही वेगळी केली, डोळ्याला न दिसणाऱ्या कुप्यांत भरली आणि ती पाण्यातून पिकावर फवारली. कुप्या हळूहळू फुटतात, नऊ दिवस वास सुटत राहतो, आणि तीन-चार किलोमीटरवरची माशीसुद्धा येते. पहिली चाचणी मी आण्णाच्या दोन एकरांत घेतली. एकरी पाच क्विंटलाचे दहा झाले. आण्णाचा फोटो केंद्राच्या पत्रकावर आला. गावात त्याला 'साद हणमंत' म्हणायला लागले आणि त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पत्रकावर आम्ही ठळक छापलं होतं: तीन फुलांतलं एक उमलल्यावरच फवारा. ते कुणी पाळायचं? एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकणारी माणसं आपण. माशी आली की शेजाऱ्याकडे जाईल, त्यापेक्षा आधीच बोलावून ठेवावी, हे पहिल्यांदा सुचलं आण्णाला. त्यानं कळी बंद असतानाच फवारलं. त्या वर्षी त्याचं पीक सगळ्यांत भारी आलं. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तसंच केलं. मग कुणी आठ दिवस आधी, कुणी पंधरा दिवस आधी. गावानं त्याला नावही ठेवलं, रुमाल फवारणी. मला ते कळलं तेव्हा मी हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण माशी रुमाल नाही. ती शिकते. वास आला म्हणून दोन किलोमीटर उडत गेली आणि कळी बंद, मकरंद नाही, पराग नाही. असं तीन-चारदा झालं की तिच्या इवल्या मेंदूत पक्कं बसतं की हा वास खोटा. त्यानंतर खरं फूल खऱ्या वासानं बोलावत असलं तरी ती तिकडे वळत नाही. कवठाळीच्या माश्यांनी सूर्यफुलावरचा विश्वासच सोडून दिला होता. त्या जवळच्या करडईवर जात होत्या, बांधावरच्या रानफुलांवर जात होत्या, आणि आमच्या पिवळ्याजर्द तीनशे एकरांवरून सरळ उडून जात होत्या.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात मी हे सगळं उभं राहून सांगितलं. कुणी ओरडलं नाही, यानंच मला जास्त भीती वाटली.

"मग आता?" गुणवंत भातांब्रेनं विचारलं. त्याचं शेत आण्णाच्या शेताला लागून, मध्ये फक्त ओढा.

"उमललेलं शंभर एकर हातानं जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं. उरलेलं दोनशे एकर उशिरा पेरलेलं आहे, ते दोन आठवड्यांनी फुलेल. ते वाचू शकतं. रानात फिरायला लागलेली माशी दोन-तीन आठवडेच जगते. जिला खोटं कळलंय ती मरेल आणि पोळ्यातून नवी बाहेर पडेल. तिला काहीच माहीत नसेल. तिनं पहिल्यांदा सूर्यफुलाचा वास घेतला आणि तिथं खरंच मकरंद मिळाला, तर ती पोळ्यात जाऊन नाचून वाट सांगेल आणि बाकीच्यांना घेऊन येईल. पण तोवर खोटा वास यायला नको. बारा दिवस कुणीही साद मारायची नाही. एकानंही नाही."

"आणि एकानं मारलीच तर?"

"नव्या माश्या पहिल्याच फेरीत फसतील. मग दोनशे एकर गेलं, असंच धरा."

सगळ्यांनी कबूल केलं. फवारणीच्या ड्रोनची नोंद आपोआप पंचायतीच्या पडद्यावर उमटते, ती रोज सगळ्यांनी बघायची असं ठरलं. मारुतीच्या पारावर मी वास मोजणारा खांब उभा केला. तो शिवारात कुठेही साद सुटली की सांगतो, फक्त कुठल्या शेतात ते सांगू शकत नाही. त्यासाठी माझ्याकडे हातात धरायची पेटी होती. गावानं तिला 'नाक' म्हणायला सुरुवात केली. निघताना आण्णा मोठ्यानं म्हणाला, "माझ्या बहिणीचा शबूद हाय. कुणी मोडला तर माझ्याशी गाठ हाय." मला तेव्हा बरं वाटलं.

पहिले आठ दिवस अयोध्यावहिनीचे होते. अयोध्या म्हणजे आण्णाची बायको. तिची चाळीस बायकांची सावड होती; आज तुझ्या शेतात सगळ्या, उद्या माझ्या, मजुरीचा विषय नाही. तळहाताला जुन्या धोतराचा मऊ कपडा गुंडाळायचा आणि एका फुलावरून दुसऱ्यावर अलगद हात फिरवत जायचं. कपड्याला लागलेले पराग पुढच्या फुलाला लागतात. माशीचं काम बाई करते, एवढंच. पण बाईला शंभर एकर पुरं होत नाही. आण्णाचं उमललेलं तीन एकर रांगेत शेवटी लावलं होतं, कारण वहिनी सावडीची मुख्य आणि मुख्य बाईनं आपलं शेत आधी घेतलं तर सावड मोडते. पाळी येईपर्यंत ते अर्ध्याहून जास्त पोकळ गेलं. आता त्याच्याकडे ओढ्याकाठचं काळ्या मातीतलं दीड एकर तेवढं राहिलं होतं. ते अजून कळीत होतं.

नवव्या दिवशी गुणवंतच्या बांधावर, लवकर उमललेल्या चार-दोन झाडांवर, मला अकरा माश्या दिसल्या. लहान, झुपकेदार केसांच्या, अगदी कोवळ्या. मी रस्त्यावर बसून रडले आणि मग केंद्राला फोन केला.

दहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला माझ्या फोनवर पारावरच्या खांबाचा इशारा वाजला.

मी चूळ भरत होते. तशीच पंचायतीत धावले. पडद्यावर ड्रोनच्या नोंदी बघितल्या, साद कुणाचीच नव्हती. गुणवंतची एक फेरी आदल्या संध्याकाळची दिसत होती, पुढं लिहिलं होतं: बोरॉन. म्हणजे ज्यानं मारली त्यानं ड्रोन न वापरता पाठीवरच्या पंपानं मारली होती. धुकं होतं. थंडीत माशी नऊच्या आत पोळ्याबाहेर पडत नाही. माझ्याकडे अडीच तास होते आणि उशिरा फुलणारी एकेचाळीस शेतं होती.

मी नाक उचललं आणि सरळ ओढ्याकाठी गेले. एकेचाळीसमधलं पहिलं शेत मी आण्णाचं गाठलं. का, ते मला चालतानाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल मी स्वतःवर चिडत होते. बांधावर पोचायच्या आत पेटीचा काटा टोकाला गेला.

आण्णा तिथंच होता. वडिलांचा जुना पंप ओढ्यात धूत होता.

"कधी मारलीस?"

त्यानं वर बघितलं नाही. "पाटंचं."

"आण्णा, का?"

"का म्हणून मलाच इच्यारतीस? गुन्याच्या ड्रोनची टाकी काल सांजच्याला ओली होती. मी हात लावून बघितली. बोरॉन म्हणं! नावाला बोरॉन लिवायचं अन् आत साद घालायची, कुणाला कळतंय? माश्या त्याच्याच बांधावर कशा आल्या मग?"

"ते बोरॉनच होतं. मीच सांगितलं होतं त्याला. त्याच्या मातीत कमी आहे, म्हणून." माझा आवाज चढला. "मी स्वतः मोजून दिलं, आण्णा! मला विचारायचंस तरी."

तो हळूच म्हणाला, "तीन एकर माझं पोकळ गेलं. गाव हसायलंय. ज्यानं शिकवलं त्याचंच गेलं म्हणून. ह्ये दीड एकर तरी…"

मला त्याची दया आली. तिथं उभी राहून मी हिशेब केला, की हे फक्त दीड एकर आहे, वारा पश्चिमेचा आहे, कदाचित वास ओढ्याच्या खालच्या अंगाला जाईल, कदाचित माश्या वर गुणवंतकडेच जातील. कदाचित. खांब बंद करून टाकला तर कुणाला कळणारही नव्हतं. आण्णा माझ्याकडे बघत होता आणि त्याला कळत होतं की मी काय विचार करतेय. लहानपणी माझी चोरी तो पाठीशी घालायचा तेव्हा मी जशी उभी राहायचे, तसाच आता तो उभा होता. फक्त जागा बदलल्या होत्या.

"कापायला लागेल," मी म्हणाले. "सगळ्या कळ्या. नऊच्या आत शेततळ्यात बुडवायला लागतील."

"येडी झालीस का? ट्रॅक्टर फिरीव मग, मोकळी हो!"

"रोटाव्हेटर फिरवला तर सगळ्या कुप्या एकदम फुटतील. नऊ दिवसांचा वास एका सकाळी सुटेल. हातानंच कापायचं, झटका न देता."

"माझ्या शेतात विळा लावून तर बघ," आण्णा म्हणाला. असं तो माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता.

वहिनी कधी आली ते आम्हाला कळलंच नाही. डोक्यावर पदर, हातात न्याहारीचं गाठोडं. तिनं नाकाकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, आणि गाठोडं बांधावर ठेवलं.

"ताई, किती वेळ हाय?"

"सव्वादोन तास."

"आवं," ती आण्णाला म्हणाली, "शेत तुमचं हाय. सावड माझी हाय. आठ दिस मी दुसऱ्याच्या शेतात राबले, चाळीस बायांवर माझा दिस निघतो. आज मी त्यो मागून घेते." आणि कमरेचा फोन काढून तिनं बायकांना आवाज टाकला. कापायला या, एवढंच सांगितलं. काय कापायला, ते सांगितलं नाही.

बायका आल्या. बांधावर आल्यावर त्यांना कळलं. गुणवंतची बायको त्यात होती. ती सगळ्यांत पुढच्या ओळीत शिरली. ज्या हातांनी आठ दिवस फुलं कुरवाळली, त्याच हातांनी त्या कळ्या मानेतून कापत होत्या. कळ्या चांगल्या टपोऱ्या होत्या, काठाला पिवळं दिसायला लागलं होतं, तीन दिवसांत उमलल्या असत्या. मी वेळ सांगत होते. साडेसात. आठ. सव्वाआठला धुकं निवळायला लागलं आणि अजून दहा ओळी उभ्या होत्या.

"हात उचला गं!" वहिनी ओरडली. तिचा चेहरा घामानं की कशानं ओला झाला होता ते मी बघितलं नाही.

आण्णा ओढ्यातून वर आला. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. भरलेलं पोतं खांद्यावर टाकलं, शेततळ्याकडे चालायला लागला, बुडवून परत आला, दुसरं उचललं. असं त्यानं किती वेळा केलं ते मोजायचं माझ्यात धैर्य नव्हतं. नऊला पाच कमी असताना शेवटचं पोतं पाण्याखाली गेलं आणि त्याच्यावर त्यानं मोठाले दगड रचले. नाकाचा काटा हळूहळू उतरत पाचवर आला, मग तीनवर. उघडी दीड एकर झाडं बिनडोक्याची उभी होती.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिली माशी गुणवंतच्या बांधावर उतरली. मग दुसरी. साडेदहापर्यंत मला मोजता येईनात इतक्या झाल्या. पुढचे पंधरा दिवस कवठाळीच्या शिवारात दिवसभर गुणगुण चालू होती. मी रोज दाणे चिमटीत दाबत होते आणि ते दबत नव्हते. दोनशे एकरांतलं दीड एकर सोडून सगळं भरलं.

त्या सकाळनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात माझं काम संपलं. लातूरला परतायच्या आधी मी आण्णाच्या घरी गेले. तो ओसरीवर सुतळी वळत बसला होता. त्या सकाळनंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मी बसले. वहिनीनं चहा आणला. मी केंद्राचं नवं पत्रक त्याला दाखवलं. साद आता बाजारातून काढून घेणार होते, फुलल्यानंतरच उघडेल अशी कुपी तयार होईपर्यंत. त्यानं ते वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"शाला, येक इच्यारू?"

"विचार की."

"त्या दिशी किती शेतं बघून माझ्याकडं आलीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. दहा म्हटलं असतं, पंधरा म्हटलं असतं. वहिनी कप हातात धरून थांबली होती, आणि मला वाटतं तिलाही मी खोटंच बोलावं असं वाटत होतं. पण इतक्या वर्षांत त्या शिवारात एवढं खोटं पेरून झालं होतं, की माझी जीभ वळली नाही.

"एकही नाही, आण्णा. पहिलं तुझंच."

त्यानं मान हलवली. सुतळीचा पीळ सुटला होता तो परत घट्ट केला. "बराबर हाय," तो म्हणाला. "मी टाकी बघितली त्यवा मीबी पैल्यांदा गुन्याचीच बघितली."

मी पिशवी उचलली. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाले, "येते, आण्णा."

लग्न झालं तेव्हा, मोडलं तेव्हा, नोकरीला निघाले तेव्हा, प्रत्येक वेळी त्यानं 'ये' म्हटलं होतं. आता तो सुतळीकडे बघत राहिला. मी थोडी थांबले. मग वहिनी माझ्या मागं अंगणात आली आणि माझा हात धरून म्हणाली, "या, ताई. मी म्हणते. तेंचं म्हणणं येईपतोर मी म्हणत जाईन."